व्लास्ता काय म्हणते?

नोव्हाक ग्रोव्हच्या शाळेच्या जिममध्ये एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात जायला किती पावलं लागतात, हे व्लास्ता शिमेकला कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं. अठ्ठेचाळीस. बास्केटबॉलची रिकामी फरशी, वर पांढरेफटक दिवे, भिंतींना टेकून उभं असलेलं सगळं गाव, आणि त्या सगळ्यांच्या देखत अठ्ठेचाळीस पावलं. स्वतःची ही वरात तिने तीस वर्षांत सहा वेळा काढली होती.

अमेरिकेतल्या आयोवात राष्ट्राध्यक्षाचा उमेदवार निवडायला सुरुवात होते ती मतपेटीने नाही. जानेवारीच्या गोठवणाऱ्या थंडीत संध्याकाळी सात वाजता गावाने जमायचं आणि ज्याला जो हवा त्याच्या नावाच्या पाटीखाली जाऊन उभं राहायचं. शेजाऱ्यांच्या देखत, नवऱ्याच्या देखत, ज्याच्याकडून बर्फ उपसायचं मशीन उसनं आणून अजून परत दिलेलं नाही त्याच्याही देखत. मग डोकी मोजायची. शंभरात पंधरा डोकी ज्या कोपऱ्यात भरली नाहीत तो कोपरा मोडला. तिथल्या लोकांनी गपगुमान दुसऱ्या कुणाच्या तरी कोपऱ्यात जायचं, नाहीतर घरी. वॉशिंग्टनहून येणारी माणसं याला लोकशाहीचा उत्सव म्हणतात. त्यांना कुणाच्या देखत चालत जावं लागत नाही ना, म्हणून.

व्लास्ताचा कोपरा दर वेळी मोडायचा. तिला माणूस आवडायचा तो भलत्याच कारणासाठी. एकाने सभेनंतर स्वतःचा कप स्वतः विसळून ठेवला म्हणून आवडला. एक अडखळत बोलायचा आणि तरी बोलायचा, म्हणून आवडला. देशाला असली माणसं आवडत नाहीत. तिची नणंद लुडमिला मात्र दर वेळी जिंकणारा घोडा बरोबर ओळखायची. तीस वर्षं गावची पोस्टमास्तरीण होती ती. कुणाकडे कुणाचं पाकीट येतं यावरून तिला वारं कळायचं. कोपरा मोडला की व्लास्ता फरशी ओलांडून तिच्याकडे जायची आणि लुडमिला अख्ख्या जिमला ऐकू जाईल अशा गोड आवाजात म्हणायची, "ये गं व्लास्ता, दमली असशील. इकडे पुष्कळ जागा आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी हीच लुडमिला चर्चमधून परस्पर व्लास्ताकडे कॉफीला यायची, रोजच्यासारखी. जिमचा विषय दोघींपैकी एकीनेही कधी काढला नाही. पण व्लास्ताच्या मनात एक गोष्ट घर करून बसली होती. मरायच्या आधी एकदा, फक्त एकदा, लुडमिलाने ती फरशी ओलांडून आपल्याकडे यावं. बाकी देशाचं काय व्हायचं ते होवो.

या खेपेला तिने सेनेटर ड्वाइट हॅलोरन यांना धरलं होतं. उंच, पोक काढून चालणारे, एका प्रश्नाला तीन उत्तरं देणारे आणि तिन्ही विसरणारे. ऑगस्टमध्ये ते तिच्या स्वयंपाकघरात आले तेव्हा बरोबर त्यांची दोन मोठी माणसं होती. प्रचाराचा मुख्य व्यवस्थापक टॉड ब्रॅनिगन, बोस्टनचा, ज्याच्या हातात बस, माणसं आणि वेळापत्रक. आणि मुख्य सल्लागार सिबिल ऑर्थ, वॉशिंग्टनची, जिच्या हातात भाषणं आणि जाहिराती. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात. इथे तर म्यानच हल्ली कुठे ठेवलं होतं ते सेनेटरांना आठवत नव्हतं. डी मॉइनच्या मुख्य कार्यालयात दोघांची दोन वेगळी कॉफीची यंत्रं होती आणि नोकरीला लागलेल्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी ठरवावं लागायचं की आपण कुठल्या यंत्राची कॉफी पिणार. दोन्हीकडची पिणारा एक जण होता, त्याला नेब्रास्काला पाठवला.

व्लास्ताच्या टेबलाशी बसूनसुद्धा दोघांचं चालूच होतं.

"भाषणाचं पहिलं वाक्य शेतीवर हवं," ब्रॅनिगन म्हणाला.

"औषधांच्या किमतींवर," सिबिल म्हणाली. "शेतीवर बोललं की लोक घड्याळ बघतात."

"तुझ्या जाहिराती लागल्या की लोक टीव्ही बंद करतात."

सेनेटर तिसरा कोलाची खात होते. मऊ गोल पाव, मधे खसखशीचं सारण. त्यांनी दोघांकडे बघितलं, मग व्लास्ताकडे. "बाई, तुम्हीच सांगा. लोकांना काय हवंय ते ओळखायचं तरी कसं?"

"विचारून काही कळत नाही," व्लास्ता म्हणाली. तिने एकतीस वर्षं शाळेचं स्वयंपाकघर सांभाळलं होतं, रोज तीनशे पोरांचं जेवण. "पोरांना विचारलं तर सगळी म्हणतात, गाजर आवडतं. आईनं शिकवलेलं असतं तसं. मी परत आलेली ताटं बघायचे. ज्या ताटात गाजर तसंच, त्या गाजराची पाककृती दुसऱ्या दिवशी बाद."

सेनेटरांनी कोलाची खाली ठेवला. पन्नास वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी सोपं बोललं, असा त्यांचा चेहरा झाला. त्यांनी ते वाक्य कागदी रुमालावर लिहून घेतलं.

झालं. त्या दिवसापासून डी मॉइनच्या बैठकीत कुठलाही वाद पेटला की सेनेटर डोळे मिटायचे आणि विचारायचे, "व्लास्ता काय म्हणते?" ब्रॅनिगन बारा तक्ते घेऊन उभा असायचा, सिबिल चाळीस पानांची पाहणी घेऊन, आणि साहेब विचारणार, व्लास्ता काय म्हणते. सिबिलला कळलं, ब्रॅनिगनलाही कळलं. व्लास्ता आपल्या बाजूने बोलली की आपण जिंकलो.

पहिली आली सिबिल. ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी, उंच टाचांचे बूट घालून, शेणामातीतून. "सहज इकडून चालले होते," म्हणाली. नोव्हाक ग्रोव्हवरून सहज कुठेही जाता येत नाही. रस्ता आमच्या धान्याच्या कोठारापाशी संपतो. पण ताकाला येऊन भांडं लपवायची मोठ्या माणसांना सवयच असते. तासभर हवापाण्यावर बोलून झाल्यावर तिने हळूच विचारलं, "सेनेटर स्वेटरमध्ये जवळचे वाटतात, नाही? कोटात कसे लांबचे वाटतात."

गुरुवारी ब्रॅनिगन आला. तोही सहज. त्याला डॉक्टरांनी गहू बंद केला होता, ते सांगत सांगत त्याने चार कोलाची खाल्ले. मग म्हणाला, "कोटात कसा माणूस राष्ट्राध्यक्ष दिसतो. स्वेटरात आजोबा."

व्लास्ताने दोघांनाही एकच सांगितलं. "बाहेर बघा काय गारठा पडलाय. त्यांना आधी कानटोपी द्या."

दोघं स्वतंत्रपणे डी मॉइनला पळाले. शनिवारी सेनेटर हॅलोरन कान झाकणारी, दोन बाजूंना झिपऱ्या लोंबणारी लाल टोपी घालून टीव्हीवर झळकले. इतका केविलवाणा माणूस आयोवाने बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. आयोवाला दया आली. त्यांचे दोन टक्के वाढले. सिबिलने वॉशिंग्टनला कळवलं की टोपी ही तिची कल्पना. ब्रॅनिगनने बोस्टनला कळवलं की टोपी त्याची. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली होती, पण हे कावळ्याला कोण सांगणार?

व्लास्ताला यातलं काही नको होतं. तिला डोकी हवी होती. गावातून साठेक माणसं जमतात. म्हणजे कोपरा टिकायला नऊ. ती वही घेऊन दारोदार फिरत होती. जेर्लीन कोउबाच्या पाठीला शेक द्यायची पिशवी नेऊन दिली, एर्विन झाकच्या कुत्र्याच्या बाळंतपणात बसून राहिली. दोन्ही घरांतून मिळून पाच डोकी आली.

लुडमिला यंदा काँग्रेसमन बिक्सबींच्या मागे होती. ऑक्टोबरात बिक्सबी सगळ्यांच्या पुढे होते, त्यामुळे तिचं नाक वरच होतं.

"तुझे ते टोपीवाले," ती कॉफी ढवळत म्हणायची, "निदान सर्दी तरी होणार नाही त्यांना."

"बघू जानेवारीत," व्लास्ता म्हणायची.

"काय बघायचंय? मी तुझ्यासाठी जागा धरून ठेवीन."

यावर काही बोलायचं म्हणजे कॉफी सांडेल, म्हणून व्लास्ता कोलाचीची बशी तिच्यापुढे सरकवायची.

डिसेंबरात व्हायचं तेच झालं. सिबिल येऊन बसली होती आणि दारात ब्रॅनिगनची गाडी थांबली. आपण व्लास्ताकडे येतो हे दोघांनीही एकमेकांपासून लपवलेलं. सिबिल ताडकन उठली. "मला कुठेतरी लपवा." देशाची सत्ता कुणाच्या हाती जावी हे ठरवणारी बाई, आणि टेबलाखाली शिरायला निघाली होती. व्लास्ताच्या नवऱ्याने, लुमिरने, तिचा दंड धरला आणि तिला तळघरात नेलं.

वर ब्रॅनिगन बसला आणि लगेच सुरू झाला. "खरं सांगू? त्या सिबिलला काढल्याशिवाय काही खरं नाही. ती बाई..."

जुनं लाकडी घर. वरचा शब्द न शब्द तळघरात पडतो. लुमिर हा वाघाला घाबरावं तसा भांडणाला घाबरणारा माणूस. त्याने सिबिलचा लाल होत चाललेला चेहरा पाहिला, इकडे तिकडे पाहिलं, भिंतीवरचा ॲकॉर्डियन काढला आणि जीव खाऊन पोल्का, म्हणजे उड्या मारत नाचायचा ताल, वाजवायला घेतला.

ब्रॅनिगन दचकला. "हे काय?"

"आमचे हे," व्लास्ता म्हणाली. "या वेळेला वाजवतात."

"रोज?"

"मनात आलं की."

"तर मी म्हणत होतो, सिबिल..."

पोल्का दुप्पट जोरात. ब्रॅनिगनने आवाज चढवला की लुमिर चढवायचा. ब्रॅनिगन कुजबुजला की लुमिर थांबून कान द्यायचा आणि परत तुटून पडायचा. पाऊण तासाने ब्रॅनिगन डोकं धरून निघून गेला, आणि जाताना व्लास्ताने काय सांगितलं ते त्याला धड ऐकूच आलं नव्हतं. ती म्हणाली होती, "तुम्ही दोघं एकदा नीट जेवायला बसा." त्याने डी मॉइनला जाऊन सांगितलं, व्लास्ता म्हणते प्रचाराला संगीत हवं. पुढचे दहा दिवस सेनेटरांच्या प्रत्येक सभेत पोल्का वाजत होता. सिबिल तळघरातून वर आली ती कानात बोटं घालूनच, आणि लुमिरला म्हणाली, "तुम्ही राजकारणात पाहिजे होतात."

नाताळानंतर बिक्सबी आपटले. कारण असं, की डुब्यूकच्या सभेत ते भावनेच्या भरात म्हणाले, आयोवाच्या बटाट्यांसारखे बटाटे जगात नाहीत. बटाटे आयडाहोचे. आमचा मका. दोन राज्यांमध्ये हजार मैलांचं अंतर. मक्याच्या शेतकऱ्याला बटाटेवाला म्हटल्यावर तो एकवेळ तुमच्या तोंडात मारेल पण मत देणार नाही. आठ दिवसांत बिक्सबींच्या पाट्या लोकांनी अंगणांतून उपटल्या. लुडमिलाने मात्र आपली पाटी काढली नाही. बर्फातून तिचा तेवढा कोपरा वर दिसत राहिला.

"चुकला असेल बोलायला," ती म्हणायची. "माणूस आहे." आयुष्यात पहिल्यांदाच ती हरणाऱ्या माणसाबद्दल असं बोलत होती. व्लास्ताच्या ते लक्षात आलं, पण तिने लक्षात घेतलं नाही. तिचं गणित जमत आलं होतं.

ती संध्याकाळ आली. शून्याखाली अठरा. जिममध्ये साठ माणसं. मोजायला डॉक्टर ह्रुश्का, गुरांचे डॉक्टर, त्यामुळे प्रत्येकाच्या पाठीवर थाप मारत मोजायची त्यांची पद्धत. बिक्सबी आपटल्यापासून सगळ्यांच्या पुढे गेलेल्या गव्हर्नर मॅबरींच्या कोपऱ्यात एकतीस. कुठेच न ठरलेले सात. हॅलोरन, चौदा.

व्लास्ताला वाटलं, चुकून ऐकलं. "किती?"

"चौदा," डॉक्टर म्हणाले. "तुम्हाला धरून."

तीस वर्षांत पहिल्यांदा कोपरा टिकला होता. लुमिरने तिचा हात दाबला. तिला नाचावंसं वाटलं, पण एकोणसत्तराव्या वर्षी खुब्याचं हाड बदललेलं असताना माणूस मनातच नाचतो.

"बिक्सबी," डॉक्टर पुढे म्हणाले, आणि जरा थांबले. "आठ."

एक कमी.

न ठरलेल्या सातांपैकी पाच मॅबरींकडे गेले, दोन व्लास्ताकडे आले. लुडमिलाकडे कुणी गेलं नाही. पंधरा मिनिटांत तिला एक डोकं मिळालं नाही तर तिचा कोपरा मोडणार होता. मॅबरींकडे ती मेली तरी जाणार नव्हती, कारण त्या माणसाने गावच्या जत्रेत सुक्या आलुबुखारचा कोलाची अर्धा खाऊन कचऱ्यात टाकलेला तिने डोळ्यांनी पाहिला होता. म्हणजे उरला एकच कोपरा. म्हणजे ती येणार. अठ्ठेचाळीस पावलं, इकडे.

तेवढ्यात व्लास्ताचा फोन वाजला. ब्रॅनिगन.

"व्लास्ता, तिकडे बिक्सबी किती?"

"आठ."

"हवेत किती?"

"नऊ."

"ऐका. राज्यभर बिक्सबींची माणसं मॅबरींकडे पळतायत. बिक्सबी टिकले पाहिजेत. तुमचा एक माणूस त्यांना द्या. ताबडतोब."

तिने फोन ठेवला तोच पुन्हा वाजला. सिबिल. मागे ब्रॅनिगनचा आवाज येत होता, म्हणजे दोघं एकाच खोलीत होती.

"व्लास्ता, एकही माणूस द्यायचा नाही. बिक्सबींना मोडू द्या आणि आठही गिळा. मॅबरींच्या जवळ तरी याल तुम्ही. सेनेटर समोर बसलेत माझ्या. विचारतायत."

"काय विचारतायत?"

"व्लास्ता काय करतेय."

आणि मागून ब्रॅनिगन ओरडला, "जो काय तो निकाल आज लागू दे! तिने माझं ऐकलं तर तू जायचंस!"

"आणि माझं ऐकलं तर तू!" सिबिल ओरडली, फोन कानाशीच ठेवून.

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाचा प्रचार कुणी चालवायचा, हा प्रश्न अशा रीतीने नोव्हाक ग्रोव्हच्या शाळेत येऊन पडला. व्लास्ताने फोन बंद करून पर्समध्ये टाकला. तिला सिबिलचं म्हणणं मनापासून पटलं होतं. तिचं नुकसान कशातच नव्हतं. काही करायचंच नव्हतं. फक्त उभं राहायचं आणि बघायचं.

म्हणून ती बघत राहिली. लुडमिला आपल्या पाटीखाली उभी होती. आजूबाजूचे सात जण बुटांकडे बघत होते. ती कुणाकडे बघत नव्हती. पर्स उघडून काहीतरी शोधत होती, हातमोजे असतील, पण हातमोजे तिच्या हातात होते. पर्स मिटली, परत उघडली. मग तिने एकदा फरशीकडे पाहिलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि शहात्तर वर्षांची ती ताठ बाई एकदम कुणाची तरी आजी दिसायला लागली.

व्लास्ताला मनस्वी राग आला. स्वतःचाच. तीस वर्षं ज्या क्षणाची वाट बघितली तो ताटात वाढलेला होता आणि तिला घास गिळवत नव्हता. ती फरशी कशी असते हे या जिममध्ये तिच्याइतकं कुणाला माहीत होतं?

"मी जाऊ का?" लुमिर हळूच म्हणाला. "माझी बहीण आहे."

"तू थांब. तुला वाट माहीत नाही."

आणि ती निघाली. मधे कुठेही न थांबता, तरातरा, पायांखालची पावलंसुद्धा न मोजता. डॉक्टर ह्रुश्कांचा थाप मारायला उचललेला हात हवेतच राहिला. लुडमिला तोंड उघडं टाकून बघत होती.

"डोकं फिरलंय का तुझं? तुझा कोपरा टिकलाय."

"माहितेय. सरक."

"मला तुझी कीव नकोय."

"कीव कसली? खुबा दुखतोय माझा. इकडे हीटर आहे. सरक म्हटलं ना."

लुडमिला सरकली. डॉक्टरांनी पाठीवर थाप मारून मोजलं. नऊ.

हा आकडा डी मॉइनला पोचताच ब्रॅनिगन टेबलावर चढला. व्लास्ताने त्याचं ऐकलं होतं! राज्यभरच्या व्लास्तांनी ऐकावं म्हणून त्याने साठ गावांना फोन केले. सिबिलने राजीनामा दिला आणि कॉफीचं यंत्र काखेत मारून निघून गेली. दोन तासांनी निकाल लागला. साठ गावांनी उदारपणे दिलेल्या माणसांच्या जोरावर बिक्सबी दुसरे आले, आणि सेनेटर हॅलोरन तिसरे. ब्रॅनिगन टेबलावरून खाली उतरला तो दुसरी नोकरी शोधायलाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेनेटरांनी स्वतः फोन केला. आवाज बसलेला.

"व्लास्ता, एकच विचारायचंय. टॉड म्हणतो तुम्ही त्याचं ऐकलं. सिबिल म्हणते टॉडने तुम्हाला धमकावलं. खरं काय?"

व्लास्ता खुर्ची ओढून बसली. या भल्या माणसाला तिने एका डोक्याने बुडवलं होतं, निदान तिला तसं वाटत होतं. तिने खरं सांगितलं. "साहेब, मी कुणाचंच ऐकलं नाही. माझी नणंद होती समोर. ती फरशी मी सहा वेळा ओलांडलीय. तिला ओलांडताना बघवलं नसतं मला. चुकलं माझं. तुमचं नुकसान झालं."

मग सेनेटर म्हणाले, "मला आता माघार घ्यायचीय. शुक्रवारी मॅबरींच्या व्यासपीठावर जाऊन, सगळ्या देशासमोर, त्यांना पाठिंबा द्यायचाय. दोन वर्षं ज्याला नावं ठेवली त्याच्याकडे चालत जायचं. दोन सल्लागार होते, दोघंही गेले. तुम्हीच सांगा. कसं चालायचं असतं हो ते?"

व्लास्ताला आजवर हे कुणी विचारलं नव्हतं. तिने ॲप्रनला हात पुसले.

"सरळ बघून चालायचं नाही," ती म्हणाली. "अर्ध्या वाटेत थांबायचं आणि कुणाच्या तरी दुखण्याची चौकशी करायची. कंबर, गुडघे, काहीही. नीट करायची, उत्तर पूर्ण ऐकून घ्यायचं. मग लोकांना वाटतं, आपण त्याच्यासाठीच निघालो होतो. आणि तेवढ्यात आपल्याला जरा दम खाता येतो."

शुक्रवारी लुडमिला कॉफीला आली ती टीव्ही लागेपर्यंत थांबली. मॅबरींचं भलंमोठं व्यासपीठ, झेंडे, फुगे. एका टोकाकडून सेनेटर हॅलोरन निघाले, पोक काढून, टोपीशिवाय. अर्ध्यावर आले आणि थांबले. पहिल्या रांगेत कुबड्या घेऊन बसलेल्या एका म्हाताऱ्यासमोर ते खाली वाकले आणि काहीतरी विचारलं. म्हातारा पायाकडे बोट दाखवून सांगायला लागला. सेनेटर मान डोलवत ऐकत राहिले. देश खोळंबला होता. मग ते सावकाश उठले आणि उरलेलं अंतर चालून गेले. निवेदक म्हणाला, काय मोठं मन आहे बघा. त्याच रात्रीच्या बातम्यांत दोन वेगळ्या वाहिन्यांवर ब्रॅनिगन आणि सिबिल दोघंही सांगणार होती की ही कल्पना त्यांची.

व्लास्ताला रडू आलं. ती बशा आवरायच्या निमित्ताने उठली.

"थांबला कशाला हा मधेच?" लुडमिला म्हणाली. "लोक केवढे ताटकळले. तू नाही का दर वेळी मधेच थांबून त्या जेर्लीनच्या पाठीचं विचारत बसायचीस आणि आम्हाला..."

ती बोलता बोलता थांबली. टीव्हीवर टाळ्या चालू होत्या. लुडमिलाने टीव्हीकडे पाहिलं, मग मोरीपाशी पाठमोऱ्या उभ्या असलेल्या व्लास्ताकडे. मग गुडघ्यांवर हात टेकून उठली, किटली आणली, आणि त्या घरात पहिल्यांदाच तिने स्वतःच्या आधी व्लास्ताचा कप भरला.